कूलरच्या नळीपासून सुरुवात: थ्रीडी मॉडेल आणि रेंडर पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

थ्रीडी शिकायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात स्पोर्ट्स कार नाहीतर हेडफोन बनवायला बसायचं, अशी एक रीत पडली आहे. शिकवणारे व्हिडिओही तेच दाखवतात. माझा आग्रह वेगळा आहे. पहिली वस्तू अशी घ्या, जिची अडचण तुम्ही स्वतः रोज सोसता आणि जी बनली तर लगेच वापरता येईल. म्हणजे प्रत्येक मापामागे काहीतरी कारण असतं, आणि चुकलं तर ते तुमचं तुम्हालाच कळतं.

नागपुरात अशी वस्तू शोधायला लांब जावं लागत नाही. मार्च संपता संपता घरोघरी कूलर पुसून, नव्या ताट्या लावून खिडकीला बसतो. त्याच्या टाकीत पाणी किती उरलंय हे मात्र ताटी काढून, वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. रात्री कधीतरी पाणी संपतं, पंप कोरडा फिरत राहतो आणि सकाळी जळालेला निघतो. या अडचणीवर सोपा उपाय म्हणजे टाकीच्या तळाशी जोडलेली एक पारदर्शक उभी नळी. टाकीत जेवढं पाणी, तेवढंच नळीत. हीच वस्तू आपण या लेखात मोजमापापासून रेंडरपर्यंत, म्हणजे मॉडेलवरून कॉम्प्युटरने काढलेल्या फोटोसारख्या चित्रापर्यंत, बनवू. दिसायला किरकोळ आहे, पण तिच्यात पारदर्शक ॲक्रिलिक आहे, पाणी आहे, प्लास्टिक आहे, रंगवलेला पत्रा आहे. नवशिक्याने शिकायचं बरंचसं तिच्यात येतं.

आधी वही, मग कॉम्प्युटर

एक व्हर्निअर कॅलिपर घ्या. साधा प्लास्टिकचा डिजिटल चालेल. स्टीलची पट्टी आणि चौकटीची वही सोबत ठेवा. टाकीची उंची मोजा, पत्र्याची जाडी मोजा, तळापासून पंपाचं तोंड किती वर आहे ते मोजा. शेवटचं माप सगळ्यात महत्त्वाचं, कारण पाणी त्याच्या खाली गेलं की पंप कोरडा पडतो. धोक्याची खूण नळीवर नेमकी त्या उंचीला हवी.

नळी, एल्बो, रबरी वॉशर या वस्तू विकत मिळतात. जे विकत मिळतं ते डिझाइन करू नका. वस्तू आणा, मोजा आणि मॉडेलमध्ये तिचं साधं रूप ठेवा. नळी २० मिमी म्हणून विकली तरी ती २०च असेल असं धरू नका. तीन ठिकाणी मोजा, थोडी फिरवून पुन्हा मोजा. १९.८ आणि २०.१ अशी दोन्ही मापं एकाच नळीवर सापडू शकतात, आणि तुमचं टोपण मोठ्या मापावर बसलं पाहिजे. या लेखापुरतं बाहेरचा व्यास २० आणि आतला १६ मिमी धरू.

नळीचं वरचं टोक टाकीच्या काठापेक्षा वर असावं, नाहीतर टाकी भरताना पाणी नळीतून बाहेर सांडेल. आणि वरच्या टोपणाला २–३ मिमीचं भोक हवं. भोक नसेल तर आतली हवा कोंडून राहते, पाणी चढत नाही आणि नळी कायम कमी पाणी दाखवते. या दोन गोष्टी वहीत चित्र काढतानाच लक्षात येतात. स्क्रीनवर रंग भरायला बसलं की त्या निसटतात. म्हणून समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन चित्रं हाताने काढा. सुबक नसली तरी चालतील, मापं मात्र सगळी लिहिलेली असू द्या.

कोणतं सॉफ्टवेअर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्यावर गरजेपेक्षा फार वेळ जातो. ढोबळ दोन घराणी आहेत. एकात मापं आणि त्यांचे आपापसातले संबंध हेच मॉडेल असतं: फ्रीकॅड, फ्यूजन, ऑनशेप, सॉलिडवर्क्स. दुसऱ्यात बिंदू आणि पृष्ठभाग हाताने ओढून आकार घडवतात. ब्लेंडर हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव. वक्र पृष्ठभागांच्या कामासाठी रायनो वापरणारेही बरेच आहेत.

नळीसारख्या वस्तूसाठी मॉडेल पहिल्या घराण्यात करा आणि रेंडर ब्लेंडरमध्ये. मी फ्रीकॅड सुचवतो. ते पूर्ण मोफत आहे, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि तेव्हापासून सुटे भाग एकत्र जोडून बघण्याची सोय त्यातच मिळते. फ्यूजनचा वैयक्तिक वापराचा परवानाही मोफत आहे, पण त्याला मर्यादा आहेत. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं. मात्र मोफत खात्यावरची फाइल सगळ्यांना दिसते, हे ध्यानात ठेवून वापरा. ब्लेंडर २००२ पासून मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे उद्या त्यावर पैसे कमावलेत तरी परवान्याची चिंता नाही.

८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर शिकता येतं, १६ जीबी असेल तर सुखाने. वेगळं ग्राफिक्स कार्ड मॉडेलिंगला फारसं लागत नाही, रेंडरला त्याचा फरक पडतो. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत तापलेला लॅपटॉप आपला वेग आपोआप कमी करतो, म्हणून मोठं रेंडर रात्री लावा.

मॉडेल उभारताना

फाइल उघडल्याबरोबर एकक मिलिमीटर आहे का ते बघा. मग मापांना नावं द्या: नळी_बाहेर = २०, नळी_आत = १६, फट = ०.३, भिंत = २.५. फ्रीकॅडमध्ये हे स्प्रेडशीटमध्ये लिहून मॉडेलला जोडता येतं. उद्या बाजारात २५ मिमीची नळी मिळाली तर एक आकडा बदलायचा, टोपण आणि क्लिप आपोआप जुळून येतील. मापांना नाव देण्याची सवय पहिल्या दिवशी लागली नाही तर पुढे लावून घेणं फार जड जातं.

टोपण रिव्हॉल्व्हने करा. अर्धा छेद काढायचा आणि अक्षाभोवती फिरवायचा. स्केचमधली प्रत्येक रेष कन्स्ट्रेंटने, म्हणजे मापाच्या किंवा दिशेच्या बंधनाने, बांधा. फ्रीकॅडमध्ये पूर्ण बांधलेलं स्केच रंग बदलतं, तो रंग येईपर्यंत पुढे जाऊ नका. टोपणाचा आतला व्यास म्हणजे नळी_बाहेर अधिक फट, इथे २०.३. साध्या थ्रीडी प्रिंटरवर ०.२ ते ०.४ मिमीची फट लागते. किती ते प्रिंटरगणिक बदलतं, म्हणून आधी फक्त एक कडी छापून नळीवर बसवून बघा.

नळीला पाठीमागच्या पट्टीवर धरून ठेवणारी क्लिप इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची असते. तोंड नळीपेक्षा अरुंद, साधारण १७ मिमी ठेवा, म्हणजे नळी दाबली की टक्कन आत बसते. हा छेद स्केचमध्ये काढून १२ मिमी एक्स्ट्रूड केला, म्हणजे सरळ ओढून जाडी दिली, की क्लिप झाली. कडांची गोलाई, म्हणजे फिलेट, अगदी शेवटी द्या. आधी दिलेली गोलाई पुढच्या बदलात तुटते आणि मग सगळं मॉडेल लाल चुका दाखवायला लागतं.

प्रत्येक भाग वेगळा ठेवा, नंतर असेंब्लीत जोडा. जोडून झालं की मधोमध छेद घेऊन बघा. बाहेरून सुंदर दिसणाऱ्या मॉडेलमध्ये दोन भाग एकमेकांत घुसलेले असतात, आणि ते फक्त छेदातच दिसतं.

कारखान्याच्या नजरेने एकदा

हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत तुमची फाइल घेऊन गेलात तर समोरचा माणूस रंगाकडे बघणार नाही. तो विचारेल, “चित्र तं झकास हाये भाऊ, पन हा पार्ट साच्यातून निंघन कसा?” हा प्रश्न तिथे जाण्याआधी स्वतःला विचारा.

साच्यात ओतायच्या प्लास्टिकच्या भागाला भिंतींवर एक-दोन अंशांचा उतार, म्हणजे ड्राफ्ट लागतो, नाहीतर भाग साच्याला धरून बसतो. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी हवी, साधारण १.५ ते ३ मिमी. एका जागी जास्त जाड झाली तर तो भाग उशिरा थंड होतो, आत ओढला जातो आणि पृष्ठभागावर खळगा पडतो. मजबुतीसाठी आतून रिब, म्हणजे आधाराची पातळ पट्टी, द्यायची असेल तर ती मूळ भिंतीच्या निम्म्यापेक्षा थोडीच जास्त जाड ठेवा, त्याहून अधिक नको. आपली क्लिप या कसोटीवर बघा: सीच्या आतला भाग तोंडापेक्षा रुंद आहे. साचा सीच्या तोंडाच्या दिशेने उघडला तर आतला गाभा अडकेल; नळीच्या लांबीच्या दिशेने उघडला तर भाग सहज सुटेल. एवढा एक विचार केला तरी मोल्डवाल्याशी बोलणं सोपं होतं.

थ्रीडी प्रिंटला ड्राफ्ट लागत नाही, पण त्याचे नियम वेगळे. क्लिप आडवी, सीचा आकार प्लेटवर टेकेल अशी छापा. उभी छापली तर थरांच्या सांध्यावर ताण येतो आणि पहिल्यांदा नळी बसवतानाच ती मोडते. आणि साहित्याचं भान ठेवा. छपाईचं सगळ्यात स्वस्त आणि सोपं प्लास्टिक, पीएलए, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीबाहेर गडद रंगाचा तुकडा तेवढा तापायला वेळ लागत नाही. सावलीतला नमुना तपासायला पीएलए ठीक आहे, उन्हात टिकायचं असेल तर पीईटीजी सांगा.

मॉडेलमधून ब्लेंडरमध्ये

कारखान्याला किंवा दुसऱ्या डिझायनरला द्यायची फाइल स्टेप प्रकारची असते. तिच्यात गोलाई खरी गोलाई म्हणून राहते. ब्लेंडर स्टेप थेट उघडत नाही, म्हणून त्याच्यासाठी एसटीएल किंवा ओबीजे काढा. एसटीएलमध्ये प्रत्येक वक्र भाग छोट्या त्रिकोणांत तुटतो. त्रिकोण मोठे राहिले तर रेंडरमध्ये नळी कोनेदार दिसेल, म्हणून निर्यात करताना बारीक सेटिंग ठेवा.

एसटीएलमध्ये एकक नसतं, फक्त आकडे असतात. ब्लेंडर त्यांना मीटर समजतो आणि तुमची २० मिमीची नळी २० मीटरची होते. आयात करताना स्केल ०.००१ द्या, मग कंट्रोल-ए ने ते स्केल लागू करा. हे केलं नाही तर पुढे प्रकाशाची तीव्रता, कडांची गोलाई सगळंच विचित्र वागतं.

करडं रेंडर

आता लगेच रंग, धातू, लाकूड लावू नका. सगळ्या भागांना एकच फिका करडा रंग द्या आणि एका बाजूने एक मोठा मऊ प्रकाश टाका. या करड्या चित्रात आकाराचं खरं रूप कळतं. टोपण नळीच्या मानाने बोजड वाटतंय का? क्लिपा एकमेकींपासून सारख्या अंतरावर आहेत का? इथे जे खटकलं ते दुरुस्त करायला मॉडेलमध्ये परत जा. मॉडेल आणि करडं रेंडर यांच्यात अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या तर तो वेळ वाया गेला असं मानू नका; डिझाइनचं बरंचसं काम याच फेऱ्यांत होतं.

कॅमेरा ८५ मिमीवर ठेवा. ब्लेंडरचा कॅमेरा सुरुवातीला ५० वर असतो. जवळून, रुंद लेन्सने घेतलं की छोटी वस्तू इमारतीसारखी निमुळती दिसते. कॅमेऱ्याची उंची माणसाच्या नजरेची असू द्या: कूलरसमोर उभ्या माणसाला किंवा खाटेवर पडलेल्याला ती नळी जशी दिसेल तशी.

ॲक्रिलिक, पाणी आणि एक शोध

मटेरियलमध्ये नवशिक्यांचं चित्र दोन कारणांनी खोटं दिसतं. एक म्हणजे कडा. खऱ्या जगात कुठलीच कड सुरीसारखी नसते. अर्ध्या मिलिमीटरची गोलाई असली की तिच्यावर उजेडाची बारीक रेघ चमकते आणि डोळा चित्रावर विश्वास ठेवतो. दुसरं म्हणजे रफनेस, पृष्ठभागाचा खरखरीतपणा. प्लास्टिकचा रफनेस शून्य ठेवला की ते ओलं दिसतं. टोपणासाठी ०.४ च्या आसपास सुरू करा, आणि खऱ्या टोपणाशेजारी स्क्रीन धरून जुळवा.

नळीसाठी ट्रान्समिशन, म्हणजे आरपार जाणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण, १ करा आणि आयओआर, म्हणजे प्रकाश किती वळतो तो आकडा, १.४९ लिहा. पाण्याचा १.३३. पाणी हा वेगळा भाग आहे. त्याचा व्यास नळीच्या आतल्या व्यासाएवढाच ठेवला तर दोन पृष्ठभाग एकमेकांवर पडून चित्रात काळे डाग येतात. आणि कमी ठेवला तर मध्ये हवेचा पातळ थर राहतो आणि पाणी नळीत तरंगतं आहे असं वाटतं. पाणी किंचित मोठं, १६.२ मिमी करा, म्हणजे ते नळीच्या भिंतीत थोडं शिरेल. खरं दिसतं.

पारदर्शक वस्तूवर थेट प्रकाश मारून उपयोग नसतो. तिच्या मागची भिंत उजळा. मागून येणारा उजेड नळीच्या कडांवर वळतो, कडा गडद होतात आणि आकार आपोआप उठून दिसतो. फोटोग्राफर काचेच्या बाटल्या अशाच टिपतात.

आता माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात सुंदर भाग. पाण्याची पातळी दाखवायला नळीत लाल तरंगा टाकायचा, हा पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो. १४ मिमी व्यासाचा पोकळ, अर्धा बुडणारा तरंगा मॉडेल करा आणि सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या प्रकाशकिरण मोजणाऱ्या रेंडर इंजिनमध्ये, रेंडर लावा. चित्रात दिसेल की पाण्याबाहेरचा त्याचा भाग १४ मिमीचाच वाटतो, पण बुडालेला भाग फुगून १८–१९ मिमीचा, जवळजवळ नळीभर झालाय. सॉफ्टवेअरची चूक वाटेल, पण ती चूक नाही. पाण्याने भरलेली गोल नळी आडव्या दिशेने भिंगाचं काम करते, रिकामी नळी करत नाही.

हे दिसलं की डिझाइनच बदलून टाकता येतं. तरंगा काढून टाका. नळीच्या मागे पांढऱ्या पट्टीवर ५ मिमी रुंद लाल उभी रेघ ठेवा. जिथपर्यंत पाणी आहे तिथपर्यंत ती रेघ जवळजवळ दुप्पट रुंद दिसेल, वरच्या रिकाम्या भागात बारीकच राहील. लांबूनही पातळी कळते. बॉयलरवर काम केलेल्यांना ही युक्ती पाणीपातळीच्या काचेवरून ओळखीची असते. आपल्याकडे तिचा आणखी एक फायदा: बोअरच्या जड पाण्याने कूलरमध्ये सगळीकडे क्षार बसतात, आणि हलणारा तरंगा अशा नळीत कधी ना कधी अडकणारच. रेघेला हलायचंच नाही. क्षारांनी नळी धूसर होईल हे खरं, म्हणून टोपण हाताने निघेल असं ठेवा आणि बाटली धुवायचा ब्रश आत जातो का ते मॉडेलमध्येच तपासा.

रेंडर शिकायचं ते यासाठी. वस्तू बनण्याआधी ती कशी वागेल हे बघायला मिळतं, आणि वहीतला निर्णय तिथेच बदलता येतो.

शेवटचं चित्र

सॅम्पल म्हणजे चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठी प्रकाश किती वेळा तपासायचा तो आकडा. चाचणीला ६४ सॅम्पल पुरतात, अंतिम चित्राला डीनॉइझर (चित्रातले दाणे पुसणारी सोय) लावून २५६ ते ५१२. ब्लेंडर ४.० पासून रंगांची मूळ सेटिंग एजीएक्स आहे; तिच्यात झगझगीत भाग छान हाताळले जातात, पण गडद लाल थोडा फिका पडतो. ग्राहकाने दिलेला नेमका रंग दाखवायचा असेल तर तिथे स्टँडर्ड निवडून तुलना करा.

तीन चित्रं पुरे: पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकटी वस्तू, कूलरच्या पत्र्यावर बसवलेली, आणि एक जवळून, जिथे रेघ रुंद-बारीक होते ते दिसेल. दुसऱ्या चित्रासाठी हिमाच्छादित डोंगरांची एचडीआरआय, म्हणजे वस्तूभोवती उजेड देणारं चौफेर चित्र, लावू नका. तुमच्याच गच्चीचा किंवा खिडकीचा दुपारचा फोटो मागे ठेवा आणि कडक, जवळजवळ डोक्यावरचा सूर्य द्या. वस्तू जिथे राहणार तिथल्या उजेडात ती वाचता येते का, हे त्यातूनच समजेल.

चित्रात तेवढंच दाखवा जे बनू शकतं. छापलेल्या भागावर थरांच्या रेषा येणार असतील तर आरशासारखं गुळगुळीत टोपण ग्राहकाला दाखवू नका. तो त्या चित्रावर विश्वास ठेवून पैसे देतो.

मग टोपण आणि क्लिप छापून घ्या, नळी बसवा, पाणी भरा. नमुना आणि रेंडर शेजारी ठेवून जे वेगळं आलं ते वहीत लिहा: फट किती सैल झाली, रेघ किती लांबून दिसते, क्लिप किती दाबल्यावर उघडते. हे आकडे थेट तुमच्या स्प्रेडशीटमध्ये जातात आणि पुढची आवृत्ती त्यांच्यावर उभी राहते.

पोस्ट करण्याआधी

वस्तूचं रूप नवं असेल आणि ती विकायचा विचार असेल, तर रेंडर इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी थांबा. भारतात डिझाइन कायदा, २००० नुसार वस्तूच्या दिसण्याची नोंदणी करता येते. संरक्षण १० वर्षं मिळतं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं. अट अशी की अर्जाआधी ते रूप कुठे प्रसिद्ध झालेलं नसावं. उत्साहात टाकलेली एक पोस्टही आड येऊ शकते. संरक्षण आकाराला आणि रूपाला असतं, कामाच्या युक्तीला नाही. भिंगाची कल्पना तर जुनीच आहे, तुमची असेल ती टोपणाची आणि पट्टीची घडण. अर्जाला वस्तूची वेगवेगळ्या बाजूंनी चित्रं लागतात, आणि ती तुमच्या मॉडेलमधून काही मिनिटांत निघतात: समोर, मागे, डावी, उजवी, वर, खाली आणि एक तिरपं.

अर्जांचं काम कोलकात्याच्या कार्यालयातून चालतं, अर्ज ऑनलाइन भरता येतो. आणि नागपूरकरांना एक जवळची सोय आहे: राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आपल्याच शहरात आहे आणि याच विषयाचं प्रशिक्षण देते. डिझाइनचं शिक्षण पुढे घ्यायचं असेल, आयआयटी मुंबई घेते त्या यूसीड किंवा सीड परीक्षेची तयारी असेल, तर या नळीचा सगळा प्रवास फाइल करून ठेवा. वहीची पानं, छेदाचं चित्र, करडं रेंडर, तरंगा असलेली पहिली आवृत्ती आणि रेघेची दुसरी, याच क्रमाने. पोर्टफोलिओत चकचकीत शेवटचं चित्र सगळ्यांकडेच असतं. तरंगा का काढला हे सांगणारं पान तुमच्याकडे असेल.